चिप फक्त मोजते, बोंबलते ती चकती

यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून दोन माणसांना धड बोलता येत नाही. हातवारे करायचे, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कुठल्याही कारखान्यात पाऊल टाका, हेच चित्र. आणि नेमकी अशाच जागेसाठी मागणी येते: ‘बझर बसवून द्या, ताणा तुटला की कळलं पाहिजे.’

ज्या मागांना धागा तुटल्यावर थांबण्याची सोय आहे, तिथं ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांतल्या, एकेका धाग्यावर धातूची पातळ पट्टी लटकलेली असते. तिला ड्रॉपर म्हणतात. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडतो, सर्किट पूर्ण होतं आणि माग थांबतो. इथपर्यंत सगळं जुनंच. नवं एवढंच, की ती खबर आता एका छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या चिपकडे जाते आणि तो बझर वाजवतो. बोर्ड बनवायला शिकणारी पोरं इथंच अडतात. चिपच्या माहितीपत्रकात ‘साउंड जनरेटर’ असं ठळक लिहिलेलं असतं, म्हणून त्यांना वाटतं की आवाज चिपच्या पोटात तयार होतो. मग बझर हळू वाजला की प्रोग्राम उघडून बसतात.

चिपच्या पोटात आवाज नसतोच. चिपची पिन दोनच गोष्टी करू शकते, वर जाणं आणि खाली येणं. ५ व्होल्ट, नाहीतर शून्य. ती एकदा वर गेली तर बझरमधून फक्त ‘टक्’ ऐकू येतं. सेकंदाला दोन हजार वेळा वर-खाली झाली तर तीच टकटक एकमेकींत मिसळून ‘पीऽऽ’ होते. वेळेवर पिन उलटवायची, एवढंच चिपचं काम. म्हणजे मोजणं.

आधी बझरबद्दल, कारण दुकानात गेल्यावर पहिला घोळ तिथंच होतो. ‘बझर द्या’ म्हटलं की समोर येणारे काळे डबे सारखेच दिसतात, पण जाती दोन. ॲक्टिव्ह बझरमध्ये लहर तयार करणारं सर्किट आतच बसवलेलं असतं. वीज दिली की तो आपल्या एकाच सुरात वाजतो, तुम्हाला आवडो न आवडो. पॅसिव्ह बझरमध्ये असलं काही नसतं, लहर बाहेरून द्यावी लागते. ओळखायची रीत सोपी आहे: ५ व्होल्ट सरळ लावून बघा. सलग वाजला तर ॲक्टिव्ह, एकदा टक् करून गप्प बसला तर पॅसिव्ह. साउंड जनरेटर वापरायचा तर पॅसिव्हच हवा. ॲक्टिव्हला बाहेरून लहर दिली की आतली आणि बाहेरची भांडतात आणि घसा बसल्यासारखा आवाज येतो.

पॅसिव्हमध्येही दोन प्रकार. एक पिएझो: पितळेची पातळ चकती आणि तिच्यावर चिकटवलेला सिरॅमिकचा थर. व्होल्टेज दिलं की सिरॅमिकचा व्यास किंचित बदलतो. पितळेचा बदलत नाही. दोघं एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे चकती वाकते. व्होल्टेज काढलं की सरळ होते. दाब दिल्यावर स्फटिकातून वीज निघते हे प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. याच्या उलटही घडलं पाहिजे, हे गॅब्रिएल लिपमन यांनी पुढच्या वर्षी गणितानं सांगितलं आणि क्युरी बंधूंनी त्याच वर्षी ते पडताळलं. आपला बझर चालतो तो या उलट्या परिणामावर. दुसरा प्रकार चुंबकी: आत तारेची कॉइल, चुंबक आणि धातूचा पडदा. कॉइलमधून करंट गेला की पडदा ओढला जातो, थांबला की सुटतो.

मोजणार कोण?

पिन वर-खाली करायची सगळ्यांना सुचणारी रीत म्हणजे प्रोग्राममध्येच लिहायचं: पिन वर कर, २५० मायक्रोसेकंद थांब, खाली आण, पुन्हा तेवढंच थांब. पाचशे मायक्रोसेकंदांची एक फेरी, म्हणजे सेकंदाला २००० फेऱ्या, म्हणजे २ किलोहर्ट्झ. आवाज येतो, पोरगं खूश होतं. पण आवाज चालू असेपर्यंत प्रोसेसर त्या थांबण्यातच अडकलेला असतो. त्याला ड्रॉपरकडे बघता येत नाही, बटण दाबलं तरी कळत नाही. मध्येच दुसरं तातडीचं काम आलं तर एखादी फेरी लांबते. कान अशा बाबतीत फार तिखट असतो, आवाज लगेच खरखरीत लागतो.

म्हणून चिप बनवणाऱ्यांनी मोजण्यासाठी वेगळा विभाग आतच दिला, त्याला टायमर म्हणतात. प्रोसेसर आणि हा विभाग यांचं नातं जॉबर आणि मागासारखं आहे. जॉबर माग लावून देतो, ताण बघतो, खटका ओढतो आणि पुढच्या मागाकडे जातो. प्रत्येक धोटा तो हातानं फेकत बसत नाही. प्रोसेसरही तसाच दोन-तीन आकडे लिहून देतो, ‘चालू’ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. काही मोडमध्ये तर तो झोपतो आणि बझर वाजत राहतो.

त्या विभागात काय असतं ते एटमेगा ३२८पी या चिपवर बघू, कारण अर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डामुळे ती कॉलेजात प्रत्येकाच्या हाताखालून गेलेली असते. उनोवर घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके. एवढे ठोके मोजायला नकोत म्हणून आधी प्रीस्केलर लावून आठानं भागायचं. उरले सेकंदाला वीस लाख. आता काउंटर शून्यापासून मोजायला लागतो. शेजारच्या तुलनेच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, आपण एक आकडा लिहिलेला असतो. काउंटर तिथं पोचला की तीन गोष्टी आपोआप होतात: पिन उलटते, काउंटर शून्यावर येतो, मोजणी पुन्हा सुरू होते. यात प्रोग्रामची एक ओळही चालत नाही.

२ किलोहर्ट्झ हवे असतील तर पिन सेकंदाला चार हजार वेळा उलटली पाहिजे, एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक फेरी. वीस लाख भागिले चार हजार, उत्तर ५००. पण मोजणी शून्यापासून असल्यामुळे रजिस्टरमध्ये लिहायचं ४९९. हा एक वजा करायचा राहिला तर बिघडत काही नाही, सूर केसभर उतरतो. ४ किलोहर्ट्झसाठी २४९. ४४० हर्ट्झचा सूर काढायचा तर भागाकार २२७२.७ येतो. आकडा पूर्णच लिहावा लागतो, २२७३ धरून एक वजा केला आणि २२७२ लिहिलं की प्रत्यक्षात ४३९.९५ हर्ट्झ मिळतात. एवढा फरक हार्मोनियमवाल्यालाही कळणार नाही.

अर्डुइनोवर मुलं वापरतात ती टोनची आज्ञा मात्र याच्या अलीकडेच थांबते. ती उनोवर टायमर २ वापरते, पण पिन उलटवायला दरवेळी प्रोसेसरलाच हाक मारते. २ किलोहर्ट्झला सेकंदाला चार हजार हाका. शिवाय टायमर २ गुंतल्यामुळे ३ आणि ११ नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे पिन भराभर चालू-बंद करून शक्ती कमी-जास्त करणं, बिघडतं. त्या पिनांवर मोटर लावून ‘बझर वाजला की मोटर वेडी होते’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं. शिकायला ही आज्ञा छान आहे, पण मागावर बसवायच्या बोर्डात मी ती वापरणार नाही.

काही चिपांत टायमर न गुंतवता खास आवाजासाठीच विभाग असतो. एसटी कंपनीच्या एसटीएम८ मालिकेतला ‘बीप’ विभाग अगदी साधा आहे. एसटीएम८एस चिपांत तो आतल्या १२८ किलोहर्ट्झच्या संथ घड्याळावर चालतो आणि १, २ किंवा ४ किलोहर्ट्झ एवढेच सूर देतो. त्यात एक खोच आहे. भाजकाच्या रजिस्टरमध्ये सुरुवातीला जो आकडा भरलेला असतो तो तसाच ठेवून चालत नाही, आधी बदलावा लागतो, मग बीप चालू करायचा.

एप्सनच्या एस१सी१७ मालिकेतल्या चिपांत याहून रसिक विभाग आहे. सलग वाजणं आहेच. शिवाय ‘एकदाच वाजून आपोआप थांब’ असाही मोड आहे, पंधरा-सोळा मिलिसेकंदांपासून पाव सेकंदापर्यंत. बटण दाबल्यावरचा ‘टिक्’ काढायला तो बरा, थांबवण्याची आठवण प्रोग्रामला ठेवावी लागत नाही. तिसरा मोड धुनेचा. स्वर, त्याची लांबी आणि लय लिहून द्यायची. एक स्वर वाजत असतानाच पुढचा स्वर रजिस्टरमध्ये भरून ठेवायचा, म्हणजे मध्ये खंड पडत नाही.

अशा चिपा बऱ्याचदा ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालतात. मनगटी घड्याळात असतो तोच. दोनचा पंधरावा घात असल्यामुळे पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. याच आकड्याला आठानं भागलं की ४०९६ हर्ट्झ, सोळानं भागलं की २०४८. कितीतरी चुंबकी बझरांच्या माहितीपत्रकात २०४८ हा विचित्र आकडा दिसतो, त्याचं मूळ इथं आहे. वीज वाचते, पण सुरांच्या पायऱ्या मोठ्या होतात. आठानं ४०९६, नवानं ३६४१, मधलं काहीच नाही. १६ मेगाहर्ट्झवर मात्र ४००० च्या शेजारी ३९८४ मिळतो. हा फरक पुढे नडतो.

आवाज मोठा कसा होतो

चिपचं मोजून झालं, आता चकतीकडे. प्रत्येक बझरची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, जिथं ती चकती कमीत कमी जोरात जास्तीत जास्त डोलते. छोट्या पिएझो बझरांत ती साधारण ४ किलोहर्ट्झच्या आसपास असते. तिथून हजारभर हर्ट्झ बाजूला सरकलं की आवाज दहा डेसिबल किंवा त्याहून जास्त सहज पडतो. प्रोग्राम तोच, व्होल्टेज तेच. चकतीवरच्या टोपणाचाही यात वाटा आहे. आतली हवा आणि वरचं भोक यांची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते आणि बनवणारा ती चकतीशी जुळवून घेतो. म्हणून भोकावर स्टिकर लावणं किंवा उघडी चकती पाठीमागून पूर्ण गोंद थापून पत्र्याला चिकटवणं म्हणजे तिचं तोंड दाबणं. टॉवेलच्या शेडमध्ये तर रुईचे तंतू उडतच असतात. भोक त्यानं बुजतं आणि सहा महिन्यांनी ‘बझर बसला’ अशी तक्रार येते. ब्रश फिरवावा.

छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. १ ते ५ किलोहर्ट्झपर्यंत ५० हर्ट्झच्या पायऱ्यांनी चढणारा छोटा प्रोग्राम लिहा, बझर खोक्यात बसवल्यावर चालवा आणि कुठं कडाडतो ते ऐका. तोच आकडा धरा.

धरलेला आकडा टिकण्यासाठी घड्याळही शहाणं लागतं. चिपमधलं आरसी घड्याळ, म्हणजे स्फटिकाऐवजी रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारं, उन्हानं आणि व्होल्टेजनं सरकतं. एटमेगा ३२८पीच्या आतल्या घड्याळाला कारखान्यातून येतानाच १० टक्के इकडे-तिकडे असण्याची मुभा आहे, म्हणजे मागितले ४००० तर ३६०० ते ४४०० मध्ये काहीही मिळू शकतं. त्यात सोलापूरचा मे महिना, वर पत्रा. टेबलावर कडाडणारा बझर शेडमध्ये कुजबुजतो तो अशानं. बाहेरचा स्फटिक लावा, नाहीतर घड्याळ मोजून दुरुस्त करा. एसटीएम८ मध्ये संथ घड्याळ टायमरला जोडून मोजायची सोय त्याचसाठी आहे.

पिन वर किती वेळ आणि खाली किती वेळ, याला ड्युटी म्हणतात. आवाज कमी-जास्त करायला तीच वापरतात, पण लोकांचा अंदाज इथं हमखास चुकतो. निम्मा वेळ वर आणि निम्मा खाली असताना मूळ सूर सर्वांत जोरात असतो. ड्युटी २५ टक्क्यांवर आणली तर आवाज निम्मा होत नाही, जेमतेम ३ डेसिबल कमी होतो. १० टक्क्यांवर आणल्यावर कुठं १० डेसिबल उतरतो आणि कानाला निम्मा वाटतो. आणि ७५ टक्के म्हणजे २५ टक्केच, कारण लहर फक्त उलटी झाली. तेव्हा ड्युटी ९० केली तर आवाज वाढत नाही, घटतो.

खरंच वाढवायचा असेल तर व्होल्टेज वाढवा. ३ व्होल्टच्या बॅटरीवर पिएझोसाठी चांगली युक्ती आहे. चकतीचं दुसरं टोक ग्राउंडला (शून्य व्होल्टला) न जोडता दुसऱ्या पिनला जोडायचं आणि दोन पिना उलट्या चालवायच्या, एक वर तेव्हा दुसरी खाली. चकतीला आता एका बाजूनं ३, मग दुसऱ्या बाजूनं ३, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ६ व्होल्टचा झोल मिळतो. ६ डेसिबल फुकटात. खास साउंड जनरेटर असलेल्या चिपांत ही उलटी पिन बऱ्याचदा तयारच असते.

पिएझो पिनवर सरळ चालतो कारण तो वीज जवळजवळ खातच नाही. विजेच्या दृष्टीनं तो १०-२० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. १५ नॅनोफॅरड, ५ व्होल्ट, ४ किलोहर्ट्झ यांचा गुणाकार केला की ०.३ मिलिअँपियर येतात. चुंबकी बझरचं तसं नाही. ४२ ओमच्या कॉइलला ५ व्होल्ट सरळ मिळाले तर ११९ मिलिअँपियर. एटमेगाच्या पिनची शेवटची मर्यादा ४०, आणि तिथपर्यंतही जायचं नसतं. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ प्रत्येकाच्या डब्यात पडलेला असतो, पण त्याची मर्यादा १०० मिलिअँपियरची. इथं बीसी ३३७ घ्या. कॉइलला उलटा डायोडही हवाच, कारण करंट तोडला की ती उलट व्होल्टेजचा फटका मारते. आणि आवाज थांबवताना टायमर नुसता बंद करू नका, पिन खाली आहे ना ते बघा. ती वर अडकली तर बझर गप्प असतो, पण कॉइल तापत राहते.

सूर निवडणं उरलं. पुस्तकं सांगतात की माणसाचा कान ३ ते ४ किलोहर्ट्झला सर्वांत तिखट असतो, म्हणून बझर ४ चा घ्या. शेडमध्ये हे जसंच्या तसं लागू पडत नाही. साध्या धोट्याच्या मागांचा गोंगाट ९० डेसिबलच्या वर सहज जातो. आठ तासांच्या पाळीला आपल्याकडे मर्यादाच ९० ची आहे. अशा गोंगाटात वर्षानुवर्षं काढलेल्या कानाची शक्ती पहिल्यांदा जाते ती नेमकी ४ किलोहर्ट्झच्या आसपास. मग असं होतं. नवा पोरगा म्हणतो, “मामा, वाजायलंय की ओ!” मामा म्हणतात, “कुठं वाजायलंय? मला काय ऐकू येईना.” दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून माझं मत असं, की मागावर १ ते २ किलोहर्ट्झचा बझर घ्यावा आणि सलग न वाजवता तोडून वाजवावा, पाव सेकंद चालू, पाव सेकंद बंद. सलग आवाज गोंगाटात मिसळतो, तुटक आवाज वेगळा पडतो. ही तोडातोडही दुसऱ्या टायमरला मोजू द्यावी. आणि बझरबरोबर मागाच्या वर लाल दिवा हवाच. नुसत्या बझरवर भागवायला सांगणाऱ्या मालकाला हे पटवून द्यावं लागतं, दिव्याचे पैसे फार नसतात.

पिएझोच वापरायचा असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. क्युरी बंधूंनी पाहिलेला मूळ परिणाम त्या चकतीत अजून शाबूत आहे. तिला धक्का बसला की ती स्वतः वीज बनवते, आणि मागावर धक्क्यांना तोटा नाही. जोराचा ठोका बसला तर पिनला सोसणार नाही एवढं व्होल्टेज उलट येऊ शकतं. पिन आणि चकतीच्या मध्ये १ किलोओमचा रेझिस्टर टाकला की तो फटका बराच अडतो. त्यानं बझर हळू होईल ही भीती नको. १ किलोओम आणि १५ नॅनोफॅरड मिळून चकती भरायला लागणारा वेळ १५ मायक्रोसेकंदांच्या घरातला, आणि ४ किलोहर्ट्झची अर्धी फेरी १२५ मायक्रोसेकंदांची असते.